डोंगर बाईंचा, ब्रेक माझा

२ मार्च

टायरवाल्याने दरवर्षीप्रमाणे फुकटची डायरी दिली. दरवर्षी ती मी गॅरेजवाल्याला देऊन टाकतो. यंदा ठेवून घेतली, कारण घरात असं काही घडलंय की कुणाला सांगायची सोय नाही आणि पोटात ठेवायचं तर पोट दुखतं.

परवा बाई शाळेतून निवृत्त झाल्या. बाई म्हणजे माझी बायको. बत्तीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे तिला बाईच म्हणतात. या वहीत मीही मानाने तसंच लिहिणार आहे. समोर 'अगं' आहेच.

निरोप झाला, गुच्छ झाले, भाषणं झाली. घरी येऊन चहा घेताना मी सहज विचारलं, "आता काय करायचं ठरवलंयस?" मला वाटलं, म्हणतील कपाटं आवरीन. कपाटच उघडलं त्यांनी, पण आतून शाळेचा जुना नकाशा काढला, जेवणाच्या टेबलावर पसरला आणि आफ्रिकेवर बोट ठेवलं.

"इथे जायचं. या डोंगरावर. पार माथ्यापर्यंत."

"किती उंच आहे?"

"पाच हजार आठशे पंच्याण्णव मीटर." पाढा म्हणावा तसं म्हणाल्या.

"अगं, आपल्या घराला साधा जिना नाही."

"बत्तीस वर्षं पोरांना सांगतेय, विषुववृत्ताच्या इतक्या जवळ असूनही या डोंगरावर बर्फ आहे. दरवर्षी एखादं कार्टं विचारतंच, बाई, तुम्ही पाहिलंय? दरवर्षी म्हणते, अजून नाही. आता ते बर्फ वितळत चाललंय. ते माझ्यासाठी थांबणार नाही, आणि माझे गुडघेही थांबणार नाहीत. आपण दोघांनी जायचं. डोंगर मी निवडला. वर जायच्या वाटा बऱ्याच आहेत, त्यातली वाट तुम्ही निवडा. रस्त्यांचा माणूस आहात."

रस्त्यांचा माणूस! आयुष्य ड्रायव्हिंग स्कूल चालवण्यात गेलं, निम्म्या गावाला गाडी मी शिकवली, पण बाईंच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकलं. छाती अशी फुगली की 'नाही' म्हणायचं राहूनच गेलं.

६ मार्च

डोंगरावर नेणाऱ्या कंपनीत जाऊन आलो. तिथल्या मुलीचं नाव मी तंबूवाली ठेवलंय. ऑफिसच्या मधोमध खराखुरा तंबू ठोकलाय आणि येईल त्याला ती आत बसवते. सवय होऊ दे, म्हणे. मांडी घालून सगळी माहिती ऐकली. उठताना पायांना अशा मुंग्या आल्या की बाईंचा खांदा धरून बाहेर पडलो. तंबूवालीने पाहिलं आणि काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

तिची तुकडी जूनच्या अखेरीला निघणार. मे संपायच्या आत वाट आणि नावं पक्की हवीत. माथा एकच आहे, वाटा पाच-सहा. वर हवा विरळ, डोकं दुखतं, मळमळतं, म्हणून शहाण्याने हळू चढायचं. वाटाड्या पुढे चालतो, त्याला मागे टाकून कुणी जायचं नाही.

"म्हणजे ओव्हरटेक नाही," मी म्हणालो. "हे मला आवडलं."

"हो काका. तुम्ही मुकाट त्याच्या मागे चालायचं. तो मास्तर, तुम्ही शिकाऊ."

हे तितकंसं आवडलं नाही.

९ मार्च

क्लासमध्ये रस्ते रंगवलेला लोखंडी फळा आहे, चुंबकाच्या गाड्या फिरवून दाखवायला. तो उलटा केला आणि मागच्या बाजूला डोंगर काढला. वाटांची खरी नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून आपली नावं ठेवली. सगळ्यात छोटा तो 'जुना हायवे'. रात्री झोपायला लाकडी झोपड्या, त्याच रस्त्याने वर, त्याच रस्त्याने खाली. उत्तरेकडून येतो तो 'मागचा बायपास'. सगळी दुनिया जिथून जाते तो 'गर्दीचा चौक'. एक 'खडा घाट' आहे, त्याचं नाव पुरे. आणि पश्चिमेकडून निघून डोंगराला अर्धा वळसा घालत जातो तो 'लांबचा रस्ता'. आठ दिवस, सगळे तंबूत, आणि उतरायचं भलत्याच बाजूने.

दुपारच्या बॅचने विचारलं, "मास्तर, हे परीक्षेत येणार?"

"येऊ शकतं," म्हणालो. सगळ्यांनी उतरवून घेतलं.

२१ मार्च

अभ्यास जोरात. खडा घाट बाद, त्यावर चर्चाच नको. गर्दीचा चौकही बाद. मध्ये एक कातळाची भिंत आहे, ती हातांनी धरून चढायची. जिथे हात टेकावे लागतात त्याला मी रस्ता म्हणत नाही. लांबचा रस्ता पुढे त्याच भिंतीला येऊन मिळतो, म्हणजे तोही गेला. मागचा बायपास शांत आहे, सोपा आहे, तक्रारीला जागा नाही. एवढा निर्दोष रस्ता मला संशयास्पद वाटतो.

राहिला जुना हायवे. तंबूवाली म्हणते, माथा न गाठता परतणारे तिथेच जास्त, कारण दिवस कमी, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. लांबच्या रस्त्याने बहुतेक जण पोचतात. पण माझं मन हायवेकडेच ओढतंय.

लेकीचा फोन आला. "बाबा, ठरली का वाट?"

"अभ्यास चाललाय."

"फ्रीज घेतानाही अभ्यास चालला होता. तीन उन्हाळे आम्ही माठातलं पाणी प्यायलो."

हल्लीच्या मुलांना काळजीपूर्वक निवडणं म्हणजे काय ते कळत नाही.

३० मार्च

बाईंनी सकाळचं चालणं सुरू केलंय. रोज सातला बाहेर, आठला घरी. मी म्हटलं, मीही येतो. म्हणाल्या, "नको, तुमची बॅच असते. आणि तुम्ही शेजारी असलात की मला चालता येत नाही." माझ्या वेगाचं दडपण येत असणार.

एक सांगायला हवं. तासभर चालून येतात, पण बुटांना धूळ नाही, कपाळावर घाम नाही. उलट तळहातांना घाम. मी म्हटलं, "अगं, जरा जोर लावून चाल, अशाने डोंगर कसा चढणार?" तर हसल्या.

८ एप्रिल

बाईंची तयारी मात्र मनापासून चाललीय, हे मान्य करायला हवं. वाटाणे सोलता सोलता डावा पाय खाली-वर, खाली-वर, सावकाश वर, झटकन खाली. पोटऱ्यांचा व्यायाम. मीच मागे कधीतरी सांगितला असेल.

संध्याकाळी गाडीतून बाजारात गेलो. वळणावर म्हणाल्या, "आरसा बघितलात का?" मी चाट पडलो. लग्नानंतर एकदा यांना गाडी शिकवायला घेतली होती, तीनच दिवसांत सोडून दिली. "गाडी मी चालवतेय का तुम्ही?" असं काहीतरी म्हणून उतरल्या आणि पायी घरी आल्या. आवड लागते, दुसरं काय. शिकवताना मी शेजारच्या सीटवर बसतो, तिथेही एक ब्रेक आहे तो काय शोभेला? शिकवणाऱ्याचा पाय ब्रेकवर असतो म्हणून शिकणारा जिवंत असतो.

१५ एप्रिल

समोरचा हल्ली फारच गोड झालाय. समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडच्या ड्रायव्हिंग स्कूलचा मालक. पिवळी गाडी, पिवळी पाटी, पिवळा शर्ट. आमचं इतक्या वर्षांत एकमेकांशी 'पाणी आलं का' याच्यापलीकडे बोलणं नाही. आज स्वतः रस्ता ओलांडून आला.

"मास्तर, बाई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत."

"वा, वा. फार हिमतीच्या." असं म्हणून खो खो हसत परत गेला.

याला डोंगराचं कुणी सांगितलं? माझी गिऱ्हाइकं जूनमध्ये पळवायचा बेत दिसतोय. फळ्यावरचा डोंगर पुसून टाकला.

१९ एप्रिल

डॉक्टरांकडे दोघांची तपासणी. पट्ट्यावर पळवलं, छातीला वायरी लावल्या, रक्त काढलं. बाई ठणठणीत. दुर्दैवाने मीही.

"काही बारीकसंही नाही?" मी विचारलं.

"काहीच नाही. खुशाल जा."

"रक्तदाब?"

"माझ्यापेक्षा चांगला आहे."

डॉक्टर हल्ली वरवर बघतात.

२६ एप्रिल

पाण्याच्या टाकीमागच्या टेकडीवर सराव. तंबूवालीही सोबत आली होती. मी सुरुवातीलाच सगळ्यांना मागे टाकलं आणि अर्ध्यात दगडावर बसून धापा टाकत राहिलो. बाई आल्या तशा, मुंगीच्या चालीने, वर निघून गेल्या. मी मागून ओरडलो, "सांभाळून! उजवीकडून! अगं, हळू!" त्या हळूच चालत होत्या. त्यांच्याहून हळू फक्त टेकडी होती.

मी तंबूवालीला विचारून घेतलं. तिकडे दोघांपैकी एकाची तब्येत बिघडली तर?

"बिघडलेला मदतनिसाबरोबर खाली उतरतो. दुसरा वर जातो."

"आणि दुसऱ्याला एकट्याने वर जायचं नसेल तर?"

"तर दोघं खाली. पण काका, एवढ्या लांब येऊन कुणी तसं करत नाही."

घरी आल्यापासून तेच डोक्यात घोळतंय. इथेच घोडं पेंड खातं. जुन्या हायवेवर जायचा-यायचा रस्ता एकच. आमच्यातला जो मागे राहील तो झोपडीत बसून राहील, आणि वर गेलेला कधी ना कधी त्याच दारावरून परत येईल. चुकायची सोयच नाही. लांबच्या रस्त्यावर तसं नाही. एक खाली इकडे, दुसरा डोंगर ओलांडून तिकडे. अनोळखी मुलखात मी एका बाजूला आणि ही दुसऱ्या बाजूला.

हे बाईंना सांगितलं नाही. त्यांना एवढंच सांगितलं की झोपड्यांना छप्पर असतं.

३ मे

बाईंनी विचारलं, "ठरलं?"

"होतंय."

"मास्तर, मे महिना लागला." अहोवरून मास्तरवर आल्या की समजावं. मी विषय बदलून पंख्याच्या आवाजाकडे लक्ष वेधलं. पंखा बंद होता.

११ मे

आजचं लिहून ठेवायलाच हवं.

आज माझ्या चार जणांची परवान्याची परीक्षा होती. सकाळीच परवाना कार्यालयाच्या मैदानावर गेलो. तिथे सिमेंटचा चढ बांधलाय. त्यावर मध्यात गाडी थांबवायची आणि मागे न घसरता पुन्हा निघायचं. निम्मी जनता तिथे नापास होते. माझे चारही तिथेच लटकले. मी कुंपणाशी उभा राहून त्यांना शिव्या घालत होतो, तेवढ्यात समोरच्याची पिवळी गाडी आत आली. मागे लाल अक्षरातली शिकाऊची पाटी. आत शेजारी परीक्षक, आणि स्टिअरिंगवर बाई.

मला वाटलं, उन्हाने होतंय. पण साडी आमच्याच घरची होती.

पाठीमागून समोरचा आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. मी त्याच्याकडे वळणार, तेवढ्यात गाडी चढाला लागली. मध्यावर थांबली. परीक्षकाने काहीतरी लिहिलं. गाडी किंचित मागे आली, वीतभर असेल, आणि माझा उजवा पाय जमिनीवर असा दाबला गेला की चपलेचा अंगठा तुटला. खरंच तुटला. गाडी थरथरली, थांबली, आणि मग सावकाश, अजिबात घाई न करता, वर गेली. वर पोचल्यावर बाईंनी आरशात बघून इंडिकेटर दिला. रिकाम्या मैदानात, वळताना, कुणी मागे नसताना. मी शिकवलेल्या कुणालाही आजवर हे जमलेलं नाही.

लोक टाळ्या वाजवत होते. मी तुटकी चप्पल हातात घेऊन घरी आलो.

काखेत कळसा आणि गावाला वळसा ऐकलं होतं. इथे कळसा माझ्या काखेत, आणि पाणी भरलं समोरच्याच्या विहिरीवर! सकाळचं चालणं म्हणे! पोटऱ्यांचा व्यायाम म्हणे! तो क्लच होता!

१२ मे

बोललो नाही.

१३ मे

आजही नाही. बाईही बोलल्या नाहीत, पण त्या गुणगुणत होत्या. मौन असं गुणगुणून पाळायचं नसतं.

१५ मे

समोरचा क्लासवर आला. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसला, जिथे विद्यार्थी बसतात.

"मास्तर, रागावलात."

"अभिनंदन करतो," मी म्हटलं. "चांगलं शिकवलंत. माझ्या घरातलं माणूस."

"कसलं शिकवलं हो! पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, एकच अट, तुम्ही पाय वर घेऊन बसायचं. मी म्हटलं, बाई, माझा ब्रेक? त्या म्हणाल्या, गाडीला एक आहे ना, तो पुरे. दीड महिना मी त्या सीटवर मांडी घालून बसलोय, मास्तर. देवाशप्पथ सांगतो, एवढा घाम मला उन्हातही फुटत नाही."

"कुठे आदळली का?"

"एकदा कचरापेटीला. पेटी बरी आहे."

मला हसू आलं, पण दाबलं. जाताना दारात थांबून म्हणाला, "पण एक सांगू? पाय वर घेतले की माणूस तोंडानेही गप्प बसतो. का कोण जाणे." हे तो स्वतःबद्दल बोलत होता. त्याला पहिल्यापासून बडबड करायची खोड आहे.

२० मे

अखेर आज बोलणं झालं. टेबलावर नकाशा होता, बाईंच्या हातात चष्मा होता, आणि सुटका नव्हती.

"माझं नाव मी देऊन आले," बाई म्हणाल्या. "लांबचा रस्ता. शेजारची जागा तुमच्यासाठी शुक्रवारपर्यंत राखून ठेवायला सांगितलीय. आलात तर दोघं, नाही आलात तर मी एकटी. पण मी जाणार."

"वाट मी निवडायची ठरलं होतं."

"अडीच महिने तुम्ही वाट निवडत नव्हतात हो. ब्रेकवर पाय ठेवून बसला होतात."

हे फारच लागलं. मी म्हटलं, "मग हायवेत वाईट काय आहे? छोटा आहे, छप्पर आहे."

"ज्या वाटेने जायचं त्याच वाटेने परत. घर ते शाळा, शाळा ते घर, बत्तीस वर्षं तेच केलं. आता मला एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूला उतरायचंय. आणि मला माथा हवाय. अर्ध्यातून परतले तर पुढच्या पोराला काय सांगू, झोपड्या छान होत्या?"

मग मात्र माझ्या तोंडून निघून गेलं. म्हणजे सगळंच निघालं. कुणी मागे राहिलं तर काय, तू तिकडून उतरलीस आणि मी इकडे पडलो तर काय, परक्या मुलखात मी तुला शोधू कुठे? हायवेवर निदान एकाच दारावरून परत येशील. झोपड्यांचं काही नाही, मला तू त्याच रस्त्यावर दिसायला हवी आहेस. हे सगळं मी जरा मोठ्या आवाजात बोललो. शेजारच्यांची खिडकी बंद झाली.

बाई बराच वेळ चष्मा पुसत होत्या. स्वच्छ होता, तरी पुसत होत्या.

"एवढंच होतं, तर मार्चमध्येच का नाही बोललात? मला वाटलं, तुम्हाला माझ्याबरोबर यायचंच नाहीये."

"असं कसं वाटलं तुला?"

"रक्तदाब मोजून घेताना तुमचं तोंड बघितलं होतं मी."

मग त्या म्हणाल्या, "वाट कुठलीही असो, कुणी कुठूनही उतरो, शेवटी सगळ्यांना खालच्या गावात एकाच मुक्कामाला आणतात. मी विचारून आलेय. तंबूवालीला तीन वेळा विचारलं, शेवटी ती वैतागली. जो आधी पोचेल त्याने दोन चहा सांगून ठेवायचे. झालं."

दोन चहा. एवढं साधं होतं. फक्त एक कळलं नाही, त्या एवढ्या धीट, त्यांनी हे तीन-तीनदा कशाला विचारलं असेल?

२४ मे

शुक्रवार. तंबूवालीकडे गेलो. तंबूत बसलो, मांडी घातली.

"कुठली वाट, काका?"

"लांबचा रस्ता."

"मध्ये ती भिंत आहे. हात टेकावे लागतील."

"टेकू."

"आणि वाटाड्याच्या मागे चालायचं."

"चालू. पण त्याचे टायर, म्हणजे त्याचे बूट, निघायच्या आधी मी एकदा बघणार."

तिने नाव घातलं. शेवटी वाट मीच निवडली, हे इथे नोंदवून ठेवतो. वाद झाल्यास ही वही दाखवता येईल.

८ जून

टेकडीवर रोज सराव. बाई पुढे, मी मागे. मागून सूचना देणं बंद केलंय. बंद म्हणजे कमी केलंय. आज वर पोचेपर्यंत फक्त दोनदा "अगं" म्हणालो, आणि दुसऱ्यांदा नुसतं पाणी हवं होतं. मुंगीच्या चालीने धाप लागत नाही, हा शोध मला आज लागला. बाईंना सांगितला. म्हणाल्या, "हो का?"

दुपारच्या बॅचला चढाचा सराव दिला. शेजारच्या सीटवर पाय वर घेऊन बसून बघितलं. पोरगी चढावर मध्यात थांबली, मागे आली, मी डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा आम्ही वर होतो. तिने विचारलं, "मास्तर, बरं वाटत नाहीये का?"

२५ जून

विमानतळावर बसून लिहितोय. डोंगर उद्याच्या पलीकडे आहे, पण जे व्हायचं ते निघतानाच झालं.

सामान माझ्याच गाडीत भरलं, क्लासच्या, दोन ब्रेकच्या. गाडी परत न्यायला समोरचा बरोबर आला आणि मागे बसला. पिवळ्या शर्टात. आमच्या पांढऱ्या गाडीत तो असा दिसत होता की गल्ली बघायला आली. मी सवयीने स्टिअरिंगकडे निघालो, तर बाई आधीच तिथे बसलेल्या. किल्लीसाठी हात पुढे. दिली.

शेजारी बसलो. पायाखाली माझा ब्रेक. इतक्या वर्षांत घासून गुळगुळीत झालाय, बुटाचा आकार आलाय त्याला. त्याच्याकडे एकदा बघितलं, बूट काढले आणि मांडी घातली. मागून समोरचा हळूच म्हणाला, "शाब्बास, मास्तर."

बाई चालवतात त्यांच्या चालीने, म्हणजे मुंगीच्या. सगळ्या गावाने आम्हाला ओव्हरटेक केलं. त्यात माझेच विद्यार्थी तीन होते, एकाने हॉर्नही दिला. मी मांडी आणखी घट्ट केली. उड्डाणपुलाच्या चढावर सिग्नल लागला. बरोबर मध्यात. मागे भला मोठा ट्रक, त्याचा दिवा आमच्या काचेला टेकलेला. सिग्नल सुटला, गाडी किंचित मागे आली. माझ्या मांडीखाली पाय आपोआप दाबला गेला, पण तिथे नुसतं सीटचं कापड होतं. बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. गाडी थरथरली, थांबली, आणि निघाली. वर पोचल्यावर म्हणाल्या, "श्वास घ्या आता. तिकडे वर हवा कमी असते, इथे पोटभर घेऊन ठेवा."

मागे समोरचा खिदळत होता.

पोचल्यावर पिशव्या काढताना मी डिकीतून शिकाऊची लाल पाटी काढली आणि माझ्या पाठपिशवीला मागून बांधली. नीट, दोन गाठी मारून. बाई बघत होत्या. पुढे आल्या आणि पाटी तिरकी होती ती सरळ केली. बत्तीस वर्षं फळ्यावर नकाशे टांगलेत, तिरकं त्यांना बघवत नाही.

मग बूट घालून उभा राहिलो आणि कळलं की दोन्ही पाय गेलेत. घरापासून इथपर्यंत मांडी! मुंग्या नाहीत, वारूळ. एक पाऊल टाकवेना. समोरच्याने ढकलगाडी आणू का विचारलं, मी त्याला हाकलून दिलं. बाईंनी पिशवी खाली ठेवली, माझ्या पुढे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "धरा."

आफ्रिकेच्या डोंगराची पहिली पावलं मी अशी चाललो: बाई पुढे, मी त्यांचा खांदा धरून मागे, पाठीवर शिकाऊची पाटी, आणि लोक वळून वळून बघताहेत. मी म्हटलं, "अगं, जरा हळू."

बाई आणखी हळू झाल्या.